बदकांच्या खुराड्याला कडी कुठली लावू?

प्रश्न : काका, जुळे सोलापुरात आमच्या घरामागे सहा बदकं होती. भोवती कोंबडीची जाळी आहे, रात्रभर दिवाही असतो. तरी पंधरा दिवसांत दोन रात्रींत दोन बदकं गेली, मागे नुसती पिसं. अंडी तर भरदिवसा नाहीशी होतात. काय चुकतंय?

उत्तर : ताई, चोर दोन असावेत. दिवसा अंडी नेणारं बहुधा मुंगूस. रात्री अख्खं बदक उचलणारं मोकाट कुत्रं नाहीतर रानमांजर. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, ऊसतोड जोरात असते. फड मोकळे झाले की त्यातली रानमांजरं, कोल्हे आसरा शोधत वस्तीकडे सरकतात.

दिव्यावर मीही विसंबलो होतो. एका रात्री वीज गेली आणि सकाळी तीन बदकं कमी. आधी वीज कंपनीला शिव्या घातल्या. मग आठवडाभरानं त्याच उजेडात एक कुत्रं निवांत जाळी ओढताना दिसलं!

ती पातळ षट्कोनी जाळी कुत्र्याच्या दाताला टिकत नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली चौकोनी जाळी घ्या. खालची कड फूटभर बाहेरच्या बाजूला आडवी पसरून मातीत दाबा, म्हणजे उकरणाऱ्याला जाळीच लागते. दाराखालची फट मात्र बसून, हात घालून बघा. मुंगसाला डोकं जाईल एवढी जागा पुरते. साधी कडी नाकानं उचलली जाते, तेव्हा कोयंडा बसवून त्यात खिट्टी घाला. सगळं पत्र्यानं बंद करू नका. आपल्या मे महिन्यात त्याची भट्टी होईल. वरचा हातभर भाग जाळीचाच असू द्या.

आता खरी मेहनत. कोंबड्या तिन्हीसांजेला आपणहून खुराड्यात शिरतात, बदकं पाण्याकाठी रेंगाळतात. संध्याकाळचा दाणा खुराड्यातच टाका, रोज त्याच वेळी, डबा वाजवून. आमची आठ-दहा दिवसांत रांगेनं यायला लागली. सकाळी नऊपर्यंत सोडू नका. बदकं बहुतेक अंडी पहाटेच घालतात, तुम्हाला ती आतच मिळतील.

मुंगसाला विष घालायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि घुशीही तेच खातं. आमच्याकडचं अजून रोज दुपारी खुराड्याला चक्कर मारून जातं.