मुदत मोजा ती जॉब कार्डावरच्या तारखेपासून

वॉरंटी नाकारली अशी वाचकांची पत्रं नेहमीच येतात. कुणी बॅटरी बाहेरून बसवलेली असते, कुणी जादा दिवे लावलेले असतात. या वेळी कारण आहे टायर. राजापूर तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांनी जून २०२२ मध्ये २४ लाखांना फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेतली, तीन वर्षांच्या वॉरंटीसह. पुढचे दोन टायर झिजले म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये कोल्हापुरात एका दुकानात तेवढे दोनच नवे टाकले. जुलै २०२४ मध्ये अणुस्कुरा घाटात ट्रान्सफर केसची, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीची, चेन तुटली. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने दोष टायरवर ढकलून वॉरंटी नाकारली, पावणेदोन लाखांचं बिल केलं आणि यांनी ते भरलं. तेव्हापासून ईमेल चालू आहेत. शेवटचं उत्तर फेब्रुवारी २०२६ चं: ‘प्रकरण वरिष्ठांच्या विचाराधीन आहे.’ ते विचारतात, दोनच टायर बदलणं ही माझी चूक होती का, आणि ग्राहक आयोगात केस उभी राहील का?

पहिला प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही पाठवलेल्या जॉब कार्डाच्या, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्राच्या, फोटोत खाली पेनाने लिहिलंय, ‘टायर मिसमॅच, वॉरंटी लागू नाही’. त्याखाली तुमची सही आहे आणि तारीख आहे २२ जुलै २०२४. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. सामनेवाल्यांचा वकील दोन वर्षं मोजणार ती याच तारखेपासून. म्हणजे २२ जुलै २०२६. जून उजाडलाय. तुमच्या हातात सात आठवडेसुद्धा धड नाहीत.

फेब्रुवारीचा ईमेल आल्यामुळे मुदत २०२८ पर्यंत गेली, असं तुम्हाला कुणी तरी सांगितलंय. ते डोक्यातून काढून टाका. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही. कंदिमल्ला राघवय्या यांच्या प्रकरणात तंबाखूच्या गोदामाला १९८८ मध्ये आग लागली होती आणि तक्रार दाखल झाली १९९७ मध्ये. विमा कंपनीने मधल्या काळात नोटिशीला दिलेल्या उत्तराने मुदत नव्याने सुरू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी स्टेट बँकेच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी मुदत तपासणं हे ग्राहक मंचाचं स्वतःचं काम आहे. तेव्हा कंपनी गप्प राहील या आशेवरही राहू नका.

विलंब माफीचा अर्ज करता येतो, हे खरं. पण पुरेसं कारण लागतं, आणि ते पटलं तर आयोगाला तसं लेखी नोंदवावं लागतं. ‘साहेब बघतो म्हणाले होते’ हे पुरेसं कारण होत नाही. तुम्हाला इतकं स्पष्ट लिहितोय कारण पावणेदोन लाख भरणारा शिकलासवरलेला माणूस बावीस महिने नुसता ‘विचाराधीन’ वाचत बसतो, याचा मला मनापासून राग येतो. कंपन्यांना मुदत पाठ असते, तुम्हाला नसते.

म्हणून आता वकिली नोटीस, तिच्या उत्तराची वाट, मग पुन्हा स्मरणपत्र, यात एक आठवडाही घालवू नका. ग्राहक तक्रारीआधी नोटीस द्यायलाच हवी अशी कायद्यात अट नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेल्या तक्रारीनेही घड्याळ थांबत नाही. तक्रार थेट रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात करा. डीलर कोल्हापूरचा असला तरी तुम्ही राहता तिथे दाखल करण्याची मुभा कलम ३४ देतं, आणि गाडीची किंमत ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगच योग्य. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ती घरी बसून दाखल होते. पोचपावती आणि तक्रार क्रमांक छापून ठेवा.

आता टायर. तुमची गाडी पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, म्हणजे टू-एचमध्ये, नेहमीच्या दोन चाकांच्या स्थितीत, पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जात नाही आणि पुढचे-मागचे टायर थोडे लहानमोठे असले तरी ट्रान्सफर केसला त्याचा त्रास नाही. फोर-एच, म्हणजे चारही चाकांची स्थिती, लावलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. २५५/६० आर १८ मापात झिजलेल्या टायरच्या खाचांची खोली नव्यापेक्षा ४ मिलिमीटर कमी भरली, तर एका किलोमीटरला तो साधारण चार फेऱ्या जास्त घेतो. चिखलात, जांभ्याच्या ओल्या रस्त्यावर चाक घसरतं आणि हा फरक निघून जातो. डांबरावर चाक पकड सोडत नाही, मग तो ताण चेनवर आणि गिअरवर येतो.

तुम्हीच लिहिलंय की पाचलपासून वर घाटभर फोर-एच लावून गाडी नेली, पाऊस होता म्हणून. हे तक्रारीत लपवू नका. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र असतं, आणि उलटतपासणीत हे बाहेर आलं तर बाकीचं खरंही कुणी ऐकणार नाही. ओल्या डांबरावर किती ताण पडला, चेन आधीच सदोष होती का, हे वकिलाने पत्रावरून सांगायचं नाही. ते तज्ज्ञाचं काम. कलम ३८ खाली आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्यासाठी वस्तू हवी. तुटलेली चेन आणि केसिंग तुम्ही वर्कशॉपमध्येच सोडून आलात! आजच रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने मागणी करा: काढलेले सर्व भाग जपून ठेवा, भंगारात दिले असतील तर कधी दिले ते लेखी कळवा. भाग गेले असतील तर आयोग कंपनीविरुद्ध अनुमान काढेलच असं नाही, पण पत्र तुमच्या बाजूने राहील. तेलात लोखंडाचा कीस दिसतो तो मोबाइलमधला फोटो मूळ फाइलसह ठेवा आणि सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

वॉरंटीच्या पुस्तिकेतला तो परिच्छेद मी वाचला. वेगळ्या मापाच्या किंवा असमान झिजेच्या टायरमुळे झालेलं नुकसान वगळलंय. टायर असमान होते एवढं दाखवून कंपनीचं भागू नये, त्यामुळेच चेन तुटली हेही तिला दाखवावं लागेल, असं माझं मत आहे. आयोग ते मान्य करील का, हे पुराव्यावर ठरेल.

तुमचा खरा आधार मात्र पत्राच्या शेवटी जाता जाता आलाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये, टायर बदलल्यानंतर चार महिन्यांनी, याच वर्कशॉपने पैसे घेऊन सर्व्हिसिंग केलं. त्या तपासणी तक्त्यात टायरच्या खाचांची खोली लिहिली आहे: पुढे ७, मागे ३ मिलिमीटर. समोर ‘ओके’ची खूण. ज्यांनी हा फरक स्वतः मोजला त्यांनी धोका सांगितला नाही, आणि पाच महिन्यांनी त्याच फरकावर बोट ठेवून वॉरंटी नाकारली. कायद्यातल्या ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत निष्काळजीपणा येतो आणि ग्राहकाला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. तक्रार यावर उभी करा. कुणी उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचं, प्रकरण जोडायला सांगेल, त्या वाटेला जाऊ नका. त्या प्रकरणातल्या ‘हानी’त खुद्द त्या वस्तूचं नुकसान धरलेलंच नाही. सामनेवाले म्हणून कंपनी आणि डीलर दोघेही करा, टायरच्या दुकानदाराला ओढण्यात मला फायदा दिसत नाही.

हंगामात गाडी भाड्याने देता, त्यावरून ‘तुम्ही ग्राहकच नाही, व्यावसायिक वापर आहे’ असा आक्षेप येईल. एकच गाडी, स्वतः चालवता, त्यावर घर चालतं, हे सात-बारा आणि वाहन परवाना लावून मांडा. स्वयंरोजगारासाठीच्या वापराला कायद्याने सूट दिली आहे, तरी भाड्याचा हिशेब मोठा निघाला तर हा मुद्दा अवघड होऊ शकतो.

निकाल कधी, हे विचारू नका. कायद्यात तीन महिने, प्रयोगशाळा तपासणी असेल तर पाच, असं लिहिलंय. प्रत्यक्षात आयोगांवरची पदं इतकी रिकामी राहिली की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. लोकांच्या आयुष्यातली वर्षं अशी जातात हे संतापजनक आहे. निदान सामनेवाल्यांना लेखी म्हणणं मांडायला ४५ दिवसांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही, हे २०२० मध्ये घटनापीठाने पक्कं केलंय. ४६ वा दिवस वहीत लिहून ठेवा आणि त्या तारखेला हजर राहा.

केस चालू असेपर्यंत गाडी वापरणारच, तर मागची जोडी या आठवड्यात बदला आणि तिचं बिल ठेवा. आता फरक तुम्हाला ठाऊक आहे. ट्रान्सफर केस पुन्हा बिघडली तर ‘आम्हाला कुणी सांगितलं नाही’ हा मुद्दा तुमच्या हातात राहणार नाही.