फाइलीवर नाव कुणाचं?

सातारा, रविवार

प्रिय मुली,

काल डोहाळजेवणात बाहेर ओटी भरणं चाललं होतं आणि तू स्वयंपाकघरात ताटं विसळत होतीस. विसळलेलीच पुन्हा. मी काही बोलले नाही, कारण तीस वर्षांपूर्वी त्याच मोरीपाशी मी उभी असायची.

लग्नाला तीन वर्षं झाली म्हणालीस. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे जायचं असतं. पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच. ते तू केलंस. पण तुझी फाइल पाहिली, तर पानोपानी तुझंच नाव. त्याची तपासणी झाली का गं?

मूल न होण्यामागं साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकट्याचं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीनं. वीर्यतपासणीला लागतं काय? दोन ते सात दिवसांचं पथ्य आणि एक छोटी डबी. माझी मात्र आधी सोनोग्राफी, मग नळ्यांची तपासणी (टेबलाची कड घट्ट धरली होती, अजून आठवतं), मग दुर्बीण. यांची पाळी चौथ्या वर्षी आली. रिपोर्ट घेऊन निघालो, तर पोवई नाका येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. घरी तो कागद साड्यांच्या घडीत गेला आणि सासूबाई जाईपर्यंत 'हिचीच कूस उजवेना' हेच चालू राहिलं. मीही चालू दिलं. नवऱ्याची अब्रू झाकतेय, असं वाटायचं. खरं तर मी त्यांच्यावर आतून चिडलेली होते, आणि तो राग वर्गातल्या पोरांवर निघायचा.

तू हे करू नकोस. लोकांना काय सांगायचं ते एक वाक्य दोघांनी मिळून ठरवा. त्याच्या आईला ते त्यानं सांगायचं, तू नाही.

नवसाचं म्हणशील तर मीही सासूबाईंबरोबर मांढरदेवला गेलेय. त्यांचं समाधान, आपलं चालणं. पण 'एकटीला आत पाठवा' म्हणणारा कुणी बाबा भेटला, तर उंबऱ्यावरूनच माघारी फिर. आपल्या साताऱ्याच्या दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य घातलं, त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात दैवी शक्तीनं मूल देतो म्हणून बाईशी संबंध ठेवणं हा गुन्हा म्हणून लिहिलेलाच आहे.

आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) ठरलं, तर किती वेळा करायचं आणि किती पैसे घालायचे, ते दागिने मोडायच्या आधी कागदावर मांडा. यशाची टक्केवारी विचारशील तेव्हा तुझ्या वयाच्या बायकांची विचार, सरसकट नको. अशा उपचारांसाठी २०२१ च्या कायद्यानं लेखी संमती लागते. ती सही घाईत, काउंटरवर उभ्यानं करू नकोस. आणि एखाद्या बारशाला नाही गेलीस तर नाही गेलीस. पाकीट पाठव, झालं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी ये. त्यालाही आण. हे बोलणार आहेत त्याच्याशी, त्या रिपोर्टबद्दल. मी विचारलं तर आधी बराच वेळ पेपर चाळत बसले, मग म्हणाले, "येऊ दे." अजून कुणाशी बोललेले नाहीत ते.

तुझ्या,
बाई