भाऊ चुकतोय असं वाटतं तेव्हा

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. माझ्या धाकट्या भावाने आमची लहानपणापासूनची मंडळी (चर्च) सोडली आणि दुसरीकडे जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतला. अजाणत्या बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असं तो म्हणतो. ‘तुझ्या कपाळाला नुसतं पाणी लागलं होतं,’ असं तो मला आईसमोर म्हणाला. आई रडली. गप्प बसले तर सत्याशी प्रतारणा केल्यासारखं वाटतं, बोलले तर भांडण होतं. प्रार्थनासभेत मी त्याचा विषय देते, प्रभूने त्याचे डोळे उघडावेत म्हणून. अशा वेळी ख्रिस्ती प्रेमाने वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : ताई, प्रार्थनासभेची ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण मी तिथूनच सुरुवात करतो. भावासाठी प्रार्थना जरूर करा, रोज करा. पण सभेत तुम्ही त्याचा विषय देता तेव्हा तो तिथे नसतो. त्याची बाजू मांडायला कोणी नसतं. ‘आमेन’ म्हणेपर्यंत सगळ्यांच्या मनात तो भरकटलेला ठरलेला असतो. पुढे कुठे भेट झाली की लोक त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघतात, आणि ते का, हे त्याला कळल्याशिवाय राहत नाही. भाऊ चुकला तर त्याला एकांतात गाठ, तुम्ही दोघेच असताना बोल, असं प्रभूने सांगितलं आहे (मत्तय १८:१५). अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला चारचौघांत खडसावलं हे खरं, पण तेव्हा पेत्र समोर उभा होता. मतभेदात आपलं प्रेम किती खरं आहे, हे तो माणूस खोलीत नसताना आपण काय बोलतो त्यावरून कळतं, असं माझं ठाम मत आहे.

जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हिटफील्ड हे अठराव्या शतकातले इंग्लंडचे ख्रिस्ती प्रचारक, जिवाभावाचे मित्र होते. तारणासाठी देवाने काहींनाच आधी नेमलं आहे की त्याची कृपा सर्वांसाठी मोकळी आहे, यावरून त्यांचं बिनसलं. वेस्लींनी व्हिटफील्डच्या मताविरुद्ध प्रवचन छापलं, व्हिटफील्डनी पत्रातून कडक उत्तर दिलं. ते खासगी पत्र कोणीतरी दोघांनाही न विचारता छापलं आणि फेब्रुवारी १७४१ मध्ये लंडनला वेस्लींच्याच सभागृहाच्या दारात वाटलं. वेस्ली प्रवचनाला उभे राहिले, घडलं ते लोकांना सांगितलं आणि म्हणाले, व्हिटफील्ड स्वतः इथे असते तर त्यांनी जे केलं असतं तेच मी करतो. मग हातातली प्रत त्यांनी फाडून टाकली. लोकांनीही आपापल्या प्रती फाडल्या. पत्रातलं मत वेस्लींना तेव्हाही पटलेलं नव्हतं आणि पुढेही पटलं नाही. पण मित्राच्या पाठीमागे त्याच्या शब्दांचा बाजार होऊ द्यायचा नाही, एवढं त्यांनी पाहिलं. व्हिटफील्ड १७७० मध्ये वारले, तेव्हा लंडनमधलं स्मृतिप्रवचन वेस्लींनीच केलं. ती व्हिटफील्डचीच इच्छा होती.

हे दोघं शेवटपर्यंत एकमताचे झाले नाहीत, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. भावाशी बोलायला बसताना ‘आज त्याला पटवायचंच’ असं मनात धरू नका. त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत त्याला सांगून दाखवा : प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाला भेटलेल्या रथातल्या षंढाने आधी विश्वास ठेवला, मग पाण्यात उतरला, म्हणून विश्वास आधी आणि बाप्तिस्मा नंतर, असंच ना? तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत थांबा. मग तुमचं सांगा, पौल कैदेत होता त्या रात्री तुरुंगाच्या नायकाने घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला ते, आणि वचन तुमच्या मुलाबाळांनाही आहे असं पेत्र म्हणाला ते. न कचरता सांगा. सत्य गिळून ठेवायला पौल कुठेही सांगत नाही, ते प्रेमाने बोला म्हणतो (इफिस ४:१५). शिवाय या प्रश्नावर दोन्ही बाजूंना प्रभूवर जीव ओवाळून टाकणारी माणसं आहेत. इथे कोण बरोबर याचा निकाल मी देत नाही. तुम्ही तो मागितलेलाही नाही.

‘नुसतं पाणी’ हे मात्र टोचणारं बोलणं होतं. ते सोसून गप्प बसायलाच हवं असं नाही. प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभूने उलट हात उगारला नाही, पण मुकाट्यानेही घेतलं नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर का मारतोस, असं त्याला विचारलं (योहान १८:२३). तुम्हीही विचारा, ‘मला दुखवायचं होतं का तुला?’ आवाज चढवू नका आणि हिशेब चुकता करायला त्याच्या नव्या मंडळीची टर उडवू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला दिसली नाही. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा असं त्याला का वाटलं, त्याच्या मनात काय चाललं होतं, हे तुम्ही विचारलंत का? मुद्दे नव्हेत, त्याच्यावर काय गुजरलं ते. वादाच्या आधी हे विचारा, आणि उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका.

आणि हे बोलणं आईसमोर नको. तिने तुम्हाला बाप्तिस्म्यासाठी नेलं, त्यालाही नेलं. तिला पंच करू नका.