एक फोटॉन विखुरतो का?

पलूस तालुक्यात विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: "पाठ्यपुस्तकात 'प्रकाशाचे विकिरण' आहे, विश्वकोशात 'प्रकीर्णन' आहे, आणि मुलं मोबाइलवर हिंदी धडे बघतात तिथे 'विकिरण' म्हणजे भलतंच काही. त्यात एका मुलीनं विचारलं, फोटॉन विखुरतो म्हणजे त्याचे तुकडे होतात का? आणि शोषला जातो म्हणजे आत साठून राहतो का? मी वर्गात कोणता शब्द वापरू?"

बाई, मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मेख तिथेच आहे. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एकेक कण.

मराठीत विखुरायला पुष्कळ काहीतरी लागतं. खळ्यावर ज्वारी विखुरते, लाठ्या चालल्या की जमाव विखुरतो, वाटण्या झाल्या की भाऊबंद विखुरतात. एक दाणा विखुरला असं कुणी म्हणत नाही. दाणा पडतो, उडतो, घरंगळतो. एकाच वस्तूला विखुरणं लावलं तर ती फुटली आणि तिचे भाग इकडेतिकडे गेले, एवढाच अर्थ उरतो. माळ विखुरली, असं म्हणतो तेव्हा दोरा तुटलेला असतो. त्या मुलीनं लावलेला अर्थ मराठीच्या रीतीनं अगदी बरोबर आहे. 'फोटॉन विखुरतो' हे वाक्यच मुळात मराठीच्या कानाला चुकीचं सांगतं.

भौतिकात घडतं ते असं. प्रकाशाची शलाका, म्हणजे झोत, हवेतून किंवा पाण्यातून जाते तेव्हा तिच्यातल्या फोटॉनांची गाठ अणुरेणूंशी पडते. काही फोटॉन तसेच पुढे जातात, काहींची दिशा बदलते. एकाची डावीकडे, दुसऱ्याची वर, तिसरा आल्या वाटेनं मागे. त्यामुळे विखुरते ती शलाका, आणि यालाच विश्वकोश प्रकीर्णन म्हणतो. एकटा फोटॉन फक्त वळतो, आणि तो आख्खाच असतो. पुंजभौतिकीच्या (क्वांटम भौतिकीच्या) गणितात आलेला फोटॉन संपतो आणि नवा जन्मतो असं मांडतात, पण एक आत गेला की एकच बाहेर पडतो, हा हिशेब तिथेही पाळला जातो. आकाश निळं दिसतं त्या रेली प्रकीर्णनात फोटॉनची ऊर्जा जवळजवळ तीच राहते. तिथे प्रकीर्णनाचं प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्तात असतं, त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा सुमारे ६ पट जास्त फाकतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ कॉम्प्टननं १९२३ मध्ये दाखवलेल्या प्रकीर्णनात मात्र क्ष-किरणांचा फोटॉन इलेक्ट्रॉनला धक्का देतो, थोडी ऊर्जा गमावतो आणि जास्त तरंगलांबीचा होऊन निघतो. १९२८ मध्ये रामन यांना सापडलेल्या परिणामात रेणूच्या कंपनाशी अशीच देवघेव होते. ऊर्जा कमी होते, क्वचित वाढतेही, पण तुकडे कुठेच होत नाहीत.

आता शब्दांकडे. विकिरण, प्रकीर्णन आणि आपलं साधं विखुरणं ही तिन्ही एकाच घरची माणसं आहेत. संस्कृतात 'कॄ' हा फेकण्याचा, उधळण्याचा धातू. त्याला 'वि' लागून विकिरण झालं, 'प्र' लागून प्रकीर्ण, आणि प्राकृतातून घासत येऊन विखुरणं. जनाकीर्ण, संकीर्ण हेही त्यातलेच. 'किरण' शब्द परंपरेनं याच धातूपासून साधतात, आणि ऋग्वेदात त्याचा अर्थ धूळ, बारीक रज असाही आहे. प्रकाशाच्या कणांबद्दल बोलताना हे मला फार सुंदर वाटतं. वर्णपटाच्या धड्यातलं 'अपस्करण', म्हणजे प्रकाशातले रंग सुटे होणं, तेही बघा. 'अप' लागल्यावर या धातूच्या आधी एक 'स्' येतो, पण कधी, तर जनावर किंवा पाखरू जमीन उकरत असेल तेव्हा, असं पाणिनीचं सूत्र आहे. त्यावरचं जुनं उदाहरण आहे 'अपस्किरते वृषभो हृष्टः', म्हणजे खुशीत आलेला बैल माती उकरतोय. बेंदराच्या दिवशी आपल्या भागात हे दृश्य कुणालाही दिसेल.

घर एकच असल्यामुळे गोंधळही घरातलाच आहे. हिंदीत प्रकाश विखुरण्याला प्रकीर्णन म्हणतात आणि विकिरण हा शब्द ऊर्जेच्या उत्सर्जनाला दिला आहे. मराठीत त्या ऊर्जेसाठी 'प्रारण' आहे. उष्णता पोचण्याच्या वहन, अभिसरण, प्रारण या तीन वाटा बाई तुम्ही रोज शिकवता. वाईच्या मराठी विश्वकोशानं प्रारण वापरताना कंसात 'तरंगरूपी ऊर्जा' असा खुलासा ठिकठिकाणी दिला आहे, आणि विखुरण्याला प्रकीर्णन ठेवलं आहे. शालेय पुस्तकानं त्याच अर्थी विकिरण घेतलं. तिसरीकडे, निर्यातीच्या आंब्यावर गॅमा किरण सोडतात त्याला पणनवाले 'विकिरण प्रक्रिया' म्हणतात. डाळिंबाच्या निर्यातीमुळे तो शब्द आटपाडीकडच्या बागायतदारालाही माहीत आहे. तुमच्या वर्गात बागायतदाराची मुलगी असेल तर तिचे वडील विकिरण म्हणतात ते हे. शब्द जोडणाऱ्यांनी फळावर किरण टाकणं एवढंच मनात धरलं असणार, पण गॅमा किरण देणाऱ्या कोबाल्ट-६० मधून निघणारे फोटॉन फळात शिरले की त्यांच्या बाबतीत मुख्यतः कॉम्प्टन प्रकीर्णनच होतं. शब्द नकळत बरोबर बसला.

माझं मत विचाराल तर वर्गात 'प्रकीर्णन' रुळवा. परीक्षेत पुस्तकातलं 'विकिरण' लिहू द्या, दोन्ही एकच हे एकदा फळ्यावर लिहून ठेवा. आणि विखुरणं हे क्रियापद सोडू नका, फक्त त्याचा कर्ता प्रकाश किंवा शलाका असू द्या. एकट्या फोटॉनसाठी 'दिशा बदलते', 'वळतो' म्हणा.

'शोषण' हा शब्द चांगला आहे, पण त्यानंही मुलीची फसगत केली. संस्कृतात 'शुष्' म्हणजे सुकणं. घशाला शोष पडतो तो त्यातलाच. मराठीत मात्र शोषणं म्हटलं की गावातला शोषखड्डा डोळ्यांपुढे येतो: पाणी आत गेलं, दिसेनासं झालं, पण मातीत पाणी म्हणून आहेच. फोटॉनचं तसं होत नाही. शोषणात फोटॉन संपतो. त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉनला किंवा रेणूला मिळते, बहुतेक वेळा तिची शेवटी उष्णता होते. हळद स्पिरिटमध्ये कालवून नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरली तर हिरवट-पिवळी चमकते. तिथे प्रकाश परत मिळाला असं वाटतं, पण तो फोटॉन वेगळा आहे, कमी ऊर्जेचा. आत गेलेला केव्हाच संपला.

हळदीचा विषय निघालाच आहे तर दोन्ही शब्द एकत्र दाखवायला तिच्यासारखा जिन्नस नाही, आणि सांगली जिल्ह्यात ती मागायलाही जावं लागत नाही. हळकुंड मोडून बघा. गाभा गडद, नारिंगीकडे झुकणारा असतो. तेच हळकुंड दळलं की पूड फिकट, उजळ पिवळी होते. रंगद्रव्य तेच, कुर्क्युमिन. ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतं, उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. अख्ख्या हळकुंडात प्रकाश खोल शिरतो आणि वाटेत भरपूर शोषला जातो. पुडीत दर कणाच्या कडेला हवा आणि कण यांची सीमा आहे, तिथे प्रकाश वळतो आणि फार आत न जाताच बाहेर पडतो. शोषणाला वेळच मिळत नाही, म्हणून रंग फिका. आता त्या पुडीचा चिमूटभर भाग पाण्यानं भिजवा. लगेच गडद होईल. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेव्हा रंग कुठून वाढलेला नाही. कणांमधली हवा जाऊन पाणी आलं, सीमा पुसट झाल्या, प्रकीर्णन घटलं आणि शोषणाचं पारडं जड झालं. दहावीच्या मुलांना हा प्रयोग बाकावर करून दाखवता येतो.

मिरजेला दवाखान्यात 'फोटो काढून आणा' म्हणतात त्या क्ष-किरणांच्या फोटोतही हाच फरक आहे. हाडातलं कॅल्शियम, अणुक्रमांक २०, मांसातल्या कार्बन-ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त फोटॉन शोषतं. ते पलीकडे पोचतच नाहीत, म्हणून हाडाची जागा पांढरी. प्रकीर्णन झालेला फोटॉन मात्र पोचू शकतो, पण भलत्या ठिकाणी, आणि फोटोवर धूसरपणा आणतो. तो अडवायला मधे शिशाच्या बारीक पट्ट्यांची जाळी लावतात.

वाक्य करताना शोषणाचा कर्ता पदार्थ ठेवा: 'कॅल्शियमचा अणू फोटॉन शोषतो'. शलाका पलीकडे क्षीण होऊन निघाली, पण त्यात शोषण किती आणि प्रकीर्णन किती हे वेगळं करायचं नसेल, तर 'क्षीणन' हा दोन्ही मिळून होणाऱ्या घटीचा शब्द आहे. 'प्रकाश शोषला गेला' असं सरसकट लिहिण्यापेक्षा तिथे तोच वापरा.