बाईंना विचारा: बेटावरची विहीर आणि मार्गारेटबाईंचा दिवस

प्रश्न: बाई, नमस्कार. मी अथणी तालुक्यातला शेतकरी. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड नर्सबाई आहेत, चर्चला जाणाऱ्या. त्या सांगत होत्या, लांब समुद्रातल्या एका बेटावर एका पाद्र्यानं विहीर खणली आणि ३०-३५ फुटांवर गोडं पाणी लागलं. द्राक्षबागेसाठी मी मारलेली बोअर मात्र कोरडी गेली, आणि कृष्णा तर इथून जवळच. चारी बाजूंनी खारा समुद्र असताना तिथं गोडं पाणी कुठून येईल? हे खरं, की भक्तीच्या भरात वाढवून सांगितलेलं?

उत्तर: खरं आहे, भाऊ. बेटाचं नाव आनिवा. आज ज्याला व्हानुआतू म्हणतात त्या देशातलं. तेव्हा त्या बेटांना न्यू हेब्रिडीज म्हणत. पाद्री म्हणजे स्कॉटलंडचे जॉन पेटन. १८६६ साली पत्नी मार्गारेट आणि तान्ह्या मुलाला घेऊन ते तिथं उतरले. बेट प्रवाळाचं. ओढा नाही, नाला नाही, ढग अडवील असा डोंगर नाही. लोक शहाळ्याच्या पाण्यावर तहान भागवत, ऊस चघळत आणि अंघोळीला समुद्रावर जात. घरात लहान मूल आणि पाणी सगळं पावसाच्या भरवशावर, तेव्हा पेटन यांनी विहीर काढायचं ठरवलं.

नामाकेइ नावाच्या म्हाताऱ्या मुखियाला वाटलं, पाहुण्याचं डोकं फिरलं. पाऊस वरून पडतो, जमिनीतून कसा वर येईल? माणसं मिळेनात म्हणून पेटन यांनी मजुरीपोटी मासे धरायचे गळ वाटले, तेव्हा कुठं काम सुरू झालं. बाराएक फूट गेल्यावर एका रात्री विहिरीची एक बाजू ढासळली. सकाळी कोणी आत उतरायला तयार होईना. मुखियाचं म्हणणं अगदी व्यवहाराचं होतं: तू आत गाडला गेलास आणि उद्या तुमच्या राणीचं जहाज आलं, तर आम्ही काय सांगायचं? पाणी शोधताना मेला म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? मग आत खणायला एकटे पेटन, आणि वर बांधलेल्या कप्पीवरून माती ओढायला लोक, असं काम चाललं. तीस फुटांवर माती ओली लागली, आणि नंतर पाणी. पाणी खारं निघालं तर काय, ही धाकधूक पेटन यांना शेवटपर्यंत होती. मुखियानं भांडं हलवून पाहिलं, पाण्याचा घोट तोंडात घोळवला आणि ओरडला, हा तर पाऊसच आहे!

भाऊ, त्या म्हाताऱ्याला पैकीच्या पैकी मार्क द्यायला हवेत, कारण तो पाऊसच होता. प्रवाळाचा दगड सच्छिद्र असतो. त्यावर पडलेला पाऊस वाहून न जाता खाली मुरतो. खाली समुद्राचं पाणी बेटाच्या पोटात शिरलेलं असतं, पण ते मिठामुळं जड. म्हणून पावसाचं पाणी त्याच्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत राहतं. साधारण हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून एक फूट वर असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं. डच आणि जर्मन अभियंत्यांनी हा हिशेब मांडला तो नंतर, एकोणिसावं शतक सरता सरता. पेटन यांच्या हाती तो असायचं कारणच नव्हतं. त्यांनी एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवलीय: समुद्र लांब असूनही विहिरीतलं पाणी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होई. तरंगणाऱ्या पाण्याची याहून चांगली साक्ष मला ठाऊक नाही. पुढं बेटावर इतरांनीही विहिरी खणून पाहिल्या, पण कुठं प्रवाळाचा कातळ आडवा आला, कुठं खारं पाणी लागलं. पेटन यांनी आपल्या विहिरीला देवाची कृपा म्हटलं. तो त्यांचा विश्वास, त्यावर मी बोलणार नाही.

अशा बेटावर आणखी खोल जाण्यातच धोका असतो. विहीर जास्त खोल नेली किंवा उपसा जास्त केला, तर खालचं खारं पाणी वर येतं. तुमच्याकडं गणित निराळं. अथणीखाली आपला काळा कातळ. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. भेग हुकली की पाचशे फूट जा नाहीतर हजार, धुरळाच वर येणार. आणि कृष्णा जवळ असली म्हणून तिचं पाणी घट्ट कातळातून तुमच्या बागेपर्यंत चालत येत नाही. दुसरी बोअर मारण्याआधी पाणाड्याच्या नारळावर भागवू नका, भूजलवाल्यांकडून जागा तपासून घ्या.

प्रश्न: बाई, पाद्री लोकांच्या गोष्टी म्हणजे पुरुषांच्या शौर्याच्या गोष्टी. त्यांच्या बायका दिवसभर काय करत असतील? आमचे हे वनखात्यात होते. लोंढ्याच्या पुढं क्वार्टर. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की डाळ-मीठ पुरवून पुरवून वापरायचं, पोराला ताप आला की देवाचं नाव घ्यायचं. म्हणून विचारावंसं वाटलं. — एक वाचक, खानापूर

उत्तर: ताई, हा प्रश्न तुम्हालाच सुचणार. मार्गारेटबाईंनी माहेरच्यांना लांबलचक पत्रं लिहिली. ती पुढं १८९४ मध्ये छापली गेली, म्हणून आपल्याला काही कळतं तरी.

तुमचा रस्ता, तसं त्यांचं जहाज. ‘डेस्प्रिंग’ त्याचं नाव, १८६३ साली बांधलेलं, आणि पैसा उभा केला संडे स्कूलच्या मुलांनी पेनी-पेनी जमवून. पत्रं, किराणा, औषधं, कापड सगळं त्यातून येई. तेच जहाज १८७३ च्या वादळात फुटलं. दोन फेऱ्यांमधल्या काळात त्या घराची चूल कशावर पेटत असेल? माझं मत स्पष्ट आहे: रताळ्यासारखे मोठाले कंद, अळकुड्या, केळी, नारळ हे बेटावरचे लोक पिकवत होते म्हणून. उपदेश द्यायला आलेलं कुटुंब जगलं ते यजमानांच्या शेतावर. चरित्रांत हे एका ओळीत उरकतात, त्याचा मला राग येतो.

घर बांधायला चुना लागे, तो प्रवाळ भाजून करत. आपल्या कोकणात शिंपले भाजतात, तसंच. घर बांधतानाचा एक किस्सा फार सांगितला जातो. पेटन यांना हत्यारं हवी होती. त्यांनी लाकडाच्या ढलपीवर दोन शब्द खरडून ती मुखियाच्या हाती घरी पाठवली. मार्गारेटबाईंनी ती वाचली, ढलपी टाकून दिली आणि नेमकी तीच वस्तू हातात ठेवली. मुखिया थक्क. आता गंमत बघा, जॉन विल्यम्स नावाच्या पाद्र्यानं रारोटोंगा बेटावर स्वतःबद्दल हाच किस्सा कितीतरी वर्षं आधी सांगितलाय! दोन्हीकडं घडला असेलही. पण मी शिक्षिका, दोन वह्यांत एकच उत्तर दिसलं की भुवई वर जातेच.

मार्गारेटबाई पन्नासेक बायका-मुलींचा वर्ग चालवत. वाचन, शिवण, गाणी, केवड्याच्या जातीतल्या पानांच्या टोप्या विणणं. घरात हार्मोनियम होता. पुस्तक छपाईच्या खर्चासाठी बेटावरचे लोक आरारूट पिकवत. कंद किसायचा, पाण्यात धुवायचा, गाळायचा, तळाशी बसलेलं सत्त्व उन्हात वाळवायचं आणि परदेशी विकायला पाठवायचं. तुम्ही गव्हाचा चीक काढला असेल, तर किती राबावं लागतं ते सांगायला नको. स्वतःची मुलं जरा मोठी झाली की शाळेसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवायची, आणि मग पुढच्या जहाजाची वाट बघत बसायचं.

आता ताप. पेटन यांच्या पहिल्या पत्नी मेरी अ‍ॅन. नोव्हेंबर १८५८ मध्ये ही दोघं शेजारच्या टान्ना बेटावर उतरली. फेब्रुवारीत मुलगा झाला, ३ मार्चला मेरी अ‍ॅन गेल्या, त्याच महिन्यात बाळही. कबर नवऱ्यानं स्वतः खणली. घर बांधलं होतं किनाऱ्यालगत, सखल जागी. नंतर पेटन स्वतः हिवतापानं लोळागोळा झाले, तेव्हा तिथल्याच एका म्हाताऱ्यानं सांगितलं, की वर टेकडीवर राहायला जा, नाहीतर मरशील. डासामुळं हिवताप होतो हे जगाला कळायला अजून चाळीस वर्षं होती, पण टान्नाच्या माणसाला झोपायचं कुठं ते ठाऊक होतं. पेटन वर निघाले तर अंगात चढायचं त्राण नाही. अनेइट्युम बेटावरून आलेला एब्राहम नावाचा ख्रिस्ती शिक्षक आणि त्याची बायको यांनी त्यांना वर नेलं आणि शुश्रूषा केली. त्या माउलीचं नाव नाफाटू.

प्रश्न: मॅडम, मी निपाणीला बी.ए. करते. आपल्या भागात असे मिशनरी आले होते का? आणि हे लोक भले होते की इंग्रजांचे हस्तक? सेमिनारला लिहायचंय.

उत्तर: आले होते की! ज्या लंडन मिशनरी सोसायटीनं १७९६ साली ‘डफ’ जहाजातून ताहितीकडं पाद्री आणि त्यांची कुटुंबं धाडली, तिचेच जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले, पाठोपाठ विल्यम बेनन. १९०४ मध्ये सोसायटीनं इथलं काम मेथडिस्टांकडं सोपवलं. बेननस्मिथ हायस्कूलचं नाव ऐकलंस ना? त्यातले बेनन ते हेच.

हस्तक की भले, याचं एका शब्दात उत्तर मागू नकोस. १८६५ मध्ये ‘क्युरासोआ’ या इंग्रज युद्धनौकेनं टान्नावर तोफा डागल्या, तेव्हा पेटन दुभाषी म्हणून जहाजावर होते. त्यावरून त्यांच्याच सहकाऱ्यांपैकी जॉन गेडी यांनी त्यांच्यावर टीका केली. त्याच काळात क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांसाठी या बेटांवरून माणसं फसवून, पळवून नेली जात होती. त्या धंद्याविरुद्ध पेटन यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. सेमिनारमध्ये दोन्ही लिही, सालासकट. मार्क कापले तर मला कळव, तुझ्या सरांशी मी बोलते.