कोर्टवर पाच, बाकावर दहा: कॉलेज बास्केटबॉलबद्दल वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि महिन्याभरात पालकांची पत्रं येऊ लागतात. बहुतेक पत्रांत दुखणं एकच असतं: पोरगं संघात आहे, पण खेळायला मिळत नाही. या वेळी पाच प्रश्न घेतले आहेत. उत्तरं एनसीएए, म्हणजे अमेरिकेतले कॉलेज खेळ चालवणारी संस्था, हिच्या सर्वात वरच्या गटाला, डिव्हिजन वनला, धरून दिली आहेत.

मुलगा पहिल्या वर्षाला आहे. सहा सामन्यांत मिळून नऊ मिनिटं खेळला. त्याचा रूममेट फुटबॉल खेळतो. तो म्हणतो, तीन-चार सामने खेळलं तरी वर्ष वाचतं. कोचशी बोलून आता रेडशर्ट घेता येईल का?
— एक वडील, फ्रिस्को, टेक्सस

नाही घेता येणार. रूममेटचं अमेरिकन फुटबॉलपुरतं बरोबर आहे. तिथे २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही हंगाम शिल्लक राहतो. बास्केटबॉलमध्ये ती सोय नाही. हंगामातल्या एका सामन्यात, निकाल लागून गेल्यावर, शेवटच्या दहा सेकंदांसाठी कोर्टवर उतरलं तरी एक हंगाम खर्ची पडतो.

ज्यांना ही पद्धत नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. एक वर्ष सामने न खेळता फक्त संघाबरोबर सराव करायचा आणि चारही हंगाम पुढे न्यायचे, याला रेडशर्ट म्हणतात. हा निर्णय पहिल्या सामन्याआधी व्हावा लागतो, आणि तो कोचकडून वदवून घेण्याचं काम खेळाडूचं आहे. ऑक्टोबरमध्ये "बघू पुढे" असं उत्तर मिळालं आणि मुलगा गप्प बसला, तर बऱ्याचदा असंच नऊ मिनिटांत वर्ष जातं. मला या प्रकाराची खरोखर चीड येते, कारण ते वर्ष मुलाचं असतं, संघाचं नसतं.

आता झालेल्या गोष्टीवर रडण्यापेक्षा उरलेल्या हंगामात मिनिटं कशी वाढतील ते पाहा. त्याने कोचला थेट विचारावं की माझ्या जागेवर खेळणाऱ्यांकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही. उत्तर बहुतेक वेळा बचावाबद्दल असतं, शूटिंगबद्दल नसतं. आणि पहिल्या वर्षावरून पुढचा अंदाज बांधू नका. विस्कॉन्सिनचा फ्रँक कमिन्स्की पहिल्या वर्षी सामन्याला सरासरी १.८ गुण करायचा, दुसऱ्या वर्षी ४.२. चौथ्या वर्षी, २०१५ मध्ये, तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. त्याने रेडशर्ट घेतला नव्हता.

आमच्या मुलाला कोचनी पहिल्या वर्षी रेडशर्ट सुचवलाय. उंची सहा फूट आठ इंच, वजन ८४ किलो. तो नाराज आहे, त्याचे बाबा म्हणतात हा अपमान आहे. मला काही सुचत नाही. हो म्हणावं का?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

अपमान तर नाहीच. या उंचीच्या आणि या वजनाच्या अठरा वर्षांच्या मुलाला बास्केटखाली बावीस-तेवीस वर्षांचे, शंभर-एकशेदहा किलोचे खेळाडू भिडतात. त्याला तिथे वर्षभर ढकलून घ्यायला लावण्यापेक्षा जिममध्ये आणि सरावात घडवायचं म्हणणारा कोच मुलाच्या भल्याचं बोलत असू शकतो.

याची चांगली उदाहरणं आहेत. मिकाल ब्रिजेस २०१४ मध्ये व्हिलानोवाला गेला आणि पहिलं वर्ष रेडशर्ट होता. पुढे २०१६ आणि २०१८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं त्याच्या नावावर लागली, आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तिथे, तो दहावा निवडला गेला. व्हर्जिनियाचा डीआंद्रे हंटर २०१६-१७ मध्ये थांबला. २०१९ च्या अंतिम सामन्यात टेक्सस टेकविरुद्ध त्याने २७ गुण केले आणि ड्राफ्टमध्ये चौथा गेला. गोंझागाच्या केली ऑलिनिकने तर दोन हंगाम खेळून झाल्यावर तिसऱ्या वर्षी स्वतःहून थांबायचं ठरवलं. परतल्यावर त्याची सरासरी १७.८ गुणांवर गेली.

पण ही उदाहरणं घेऊन कोणी तुम्हाला पटवायला आलं, तर त्यांचा काळ लक्षात घ्या. तेव्हा दुसऱ्या कॉलेजात गेलं की सहसा एक वर्ष बसावं लागायचं, त्यामुळे मुलं टिकायची आणि कोचला आपण घडवलेला खेळाडू हाताशी मिळायचा. २०२१ मध्ये एकदा न बसता कॉलेज बदलायची मुभा आली. २०२४ पासून, अभ्यास ठीक असेल तर, कितीही वेळा बदलता येतं. म्हणजे "पुढच्या वर्षी ही जागा तुझी" असं आज सांगणारा कोच एप्रिलमध्ये त्याच जागेवर ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, तेवीस वर्षांचा तयार खेळाडू आणू शकतो. तो खोटारडा असतो असं नाही. नोकरी टिकवायची तर त्याला तसं करावंच लागतं. शिवाय कोच तरी कुठे कायमचा असतो? ब्रिजेसचे कोच जे राइट एप्रिल २०२२ मध्ये निवृत्त झाले. हंटरचे टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, बाजूला झाले.

म्हणून माझं मत असं आहे: वर्षभरात मुलाचं नेमकं काय घडवणार हे कोच सांगू शकत असतील तर हो म्हणा. नुसती जागा नाही म्हणून ठेवून घेत असतील तर नको. हे ओळखायचं कसं? कोचना विचारा की याचं वजन मार्चपर्यंत किती असावं असं तुम्हाला वाटतं, आणि त्यासाठी रोज याच्याबरोबर कोण असेल. आकडा आणि माणूस दोन्ही पटकन सांगता आले तर विचार झालेला आहे. मग याच जागेवर खेळणारे कोणत्या वर्षाला आहेत ते पाहा. पुढचे दोघे शेवटच्या वर्षाला असतील तर थांबण्यात अर्थ आहे, दोघेही दुसऱ्या वर्षाला असतील तर पुढच्या हिवाळ्यातही चित्र हेच राहील. रेडशर्ट खेळाडू सरावात बहुधा स्काउट टीममध्ये असतो, म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे डाव आपल्याच स्टार्टरविरुद्ध, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पाच जणांविरुद्ध, खेळून दाखवतो. शिकायला ही उत्तम जागा आहे, मात्र सामन्याच्या प्रवासाला त्याला नेतीलच असं नाही. त्या रिकाम्या शनिवार-रविवारी मुलगा खचतो. तुम्ही एडिसनहून गाडीने पोचण्याइतक्या अंतरावर असाल तर त्या दिवसांत जाऊन भेटा.

पाचव्या वर्षाच्या पैशांचं आत्ताच बोला. स्कॉलरशिप त्या वर्षालाही आहे हे लेखी हवं, आणि चार वर्षांत पदवी पूर्ण करून पाचव्या वर्षी मास्टर्स सुरू करता येईल असा अभ्यासक्रम आखायला हवा. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांच्या गटात, खेळासाठी स्कॉलरशिप नसते आणि असा रेडशर्टही सहसा नसतो, त्यामुळे तिथलं उदाहरण कोणी दिलं तर ते तुम्हाला लागू नाही.

एक गोष्ट आणखी. पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत अशी चर्चा एनसीएएमध्ये चालू झालेली आहे. तसं झालं तर थांबून वर्ष वाचवण्याचा हा सगळा हिशोबच उरणार नाही. त्यामुळे हो म्हणण्याआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या विभागाकडून, तुमच्या मुलाला या वर्षी लागू असलेला नियम ईमेलवर मागून घ्या.

बाबांना सांगा, मुलासमोर अपमान हा शब्द काढू नका. तो नाराज आहे ते चांगलंच आहे. खेळायची भूक असलेलाच मुलगा त्या वर्षाचं सोनं करतो.

संघात पंधरा जण असताना कोच सात-आठ जणांनाच का फिरवतात? मी पहाटे उठून मार्च मॅडनेस, म्हणजे हंगामाच्या शेवटची राष्ट्रीय स्पर्धा, पाहतो, शेवटच्या पाच मिनिटांत स्टार्टर अक्षरशः वाकलेले दिसतात. बेंच मोठा असेल तो संघ जिंकायला हवा ना?
— एक प्रेक्षक, ठाणे

आधी गणित पाहू. पुरुषांचा सामना ४० मिनिटांचा आणि कोर्टवर पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. स्टार्टर सरासरी ३० मिनिटं खेळले की १५० संपली. सहावा, सातवा आणि आठवा यांना १५ प्रमाणे ४५ गेली. उरली पाच, आणि नवव्यापासून पंधराव्यापर्यंत सात जण त्या पाच मिनिटांकडे डोळे लावून बसलेले. हे मी पालकांनाही नेहमी सांगतो, कारण मिनिटं कुठून तरी आणखी निघतील असं प्रत्येकाला वाटतं.

दमण्याचं म्हणाल, तर टीव्हीसाठीचे टाइमआउट आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त विश्रांती देतात. प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबला की ते मिळतात. मग कोच विचार करतो की दमलेला पण सगळं समजणारा खेळाडू बरा, की ताजातवाना पण बचावात एक पाऊल उशिरा पोचणारा? बहुतेक जण पहिला निवडतात. सिरॅक्युजचे जिम बोहाइम १९७६ ते २०२३ असे ४७ हंगाम तिथे होते आणि कमी माणसांत खेळण्यासाठी ओळखले जायचे. त्यांच्या २-३ झोनमध्ये, म्हणजे पुढे दोघे आणि मागे तिघे आपापला भाग राखतात त्या बचावात, जागा सोडून धावण्यापेक्षा जागा ओळखणं महत्त्वाचं होतं, त्यामुळे त्यांना ते परवडायचं. उलट १९९४ चं विजेतेपद मिळवणारे आर्कान्सॉचे नोलन रिचर्डसन पूर्ण कोर्टभर दाब ठेवायचे. तसं खेळायचं तर नऊ-दहा जण लागतातच. बेंच किती मोठा हवा हे खेळण्याची पद्धत ठरवते.

मोठ्या बेंचचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१४-१५ चं केंटकी. जॉन कॅलिपारींकडे इतके खेळाडू होते की पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या ते आळीपाळीने उतरवायचे. डिसेंबरमध्ये अॅलेक्स पॉइथ्रेसचा गुडघा गेला आणि दोन तुकड्यांची घडी मोडली, तरी संघ जिंकतच राहिला. कार्ल-अँथनी टाउन्स सरासरी २१ मिनिटंच खेळायचा आणि त्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला गेला. डेव्हिन बुकरने कॉलेजात एकही सामना सुरू केला नाही, तरी तेरावा गेला. ३८ सामने सलग जिंकलेल्या या संघाला उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनने, म्हणजे वर सांगितलेल्या कमिन्स्कीच्या संघाने, ७१-६४ ने हरवलं. विस्कॉन्सिनची फिरती फळी लहान होती, पण ती वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली होती.

माझ्या मते बेंचची खोली डोकी मोजून कळत नाही. सहावा, सातवा आणि आठवा खेळाडू स्टार्टरना जमत नाही असं काही करतो का, ते पाहा. २०१८ मध्ये व्हर्जिनिया देशात अव्वल मानांकित होता. हंटर तेव्हा सहावा खेळाडू होता आणि स्पर्धेच्या तोंडावर त्याचं मनगट मोडलं. पहिल्याच सामन्यात सोळावं मानांकन असलेल्या यूएमबीसीने त्यांना ७४-५४ असं उडवलं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकिताने पहिल्या मानांकिताला हरवलं असं तोवर कधीच झालं नव्हतं. हंटर नसणं हे एकच कारण होतं असं कोणी म्हणणार नाही, पण अनेक जागा सांभाळणारा तोच एक खेळाडू गेला आणि संघाकडे दुसरा उपाय उरला नाही.

खऱ्या खोलीचा नमुना बघायचा तर २०२४ चा महिलांचा अंतिम सामना शोधून पाहा. आयोवाच्या केटलिन क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्येच १८ गुण केले होते. तरी डॉन स्टेलींच्या साउथ कॅरोलायनाने आयोवाला ८७-७५ असं हरवून ३८-० असा हंगाम संपवला. त्यांच्या बेंचने ३७ गुण केले, आयोवाच्या बेंचने शून्य. पहिल्या वर्षाची टेसा जॉन्सन बेंचवरून येऊन १९ गुण करून गेली. त्याच वर्षी जानेवारीत टेक्ससमधल्या टीसीयू विद्यापीठाच्या महिला संघात इतक्या जणी जखमी झाल्या की दोन सामने सोडून द्यावे लागले आणि कॅम्पसवर खुली चाचणी घेऊन विद्यार्थिनी संघात घ्याव्या लागल्या. बाराव्या-तेराव्या खेळाडूला महत्त्व नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो.

मी पुण्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, विद्यापीठाच्या संघाकडून खेळायची इच्छा आहे. दोन वर्षांनी अमेरिकेत खेळायला गेले तर मला चार हंगाम मिळतील ना?
— एक वाचक, कोथरूड

बहुधा नाही मिळणार, आणि हे तुला आत्ताच कळलं ते बरं झालं. पाच वर्षांचं घड्याळ अमेरिकेत पोचल्यावर सुरू होत नाही. जगात कुठेही पदवी कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला की ते सुरू होतं. तुझं सुरू झालेलं आहे. दोन वर्षांनी गेलीस तर डिव्हिजन वनमध्ये तीन वर्षं उरतील, आणि आंतरविद्यापीठ सामने खेळलीस तर ते हंगामही मोजले जाऊ शकतात. थांबून वर्ष वाचवायला तुझ्याकडे जागाच नसेल.

डिव्हिजन टूमध्ये पाच वर्षांऐवजी दहा सेमिस्टर मोजतात, म्हणजे प्रवेश नसलेले महिने त्यात धरत नाहीत. तोही पर्याय मनात ठेव. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडे, म्हणजे खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या कार्यालयाकडे, आत्ताच नोंदणी कर, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तयार ठेव, आणि पुढचा फॉर्म भरण्याआधी ज्या कॉलेजात जायचं आहे त्यांना तुझी सगळी वर्षं तारखांसकट कळव. तुझ्या मैत्रिणी बारावीत असतील तर त्यांनाही सांग. बारावीनंतर नुसती गॅप घेऊन स्पर्धा खेळत राहिलं तर तेही अंगाशी येऊ शकतं.

मुलीचा एसीएल (गुडघ्यातला स्नायुबंध) जानेवारीच्या शेवटी फाटला. तोवर १९ सामने खेळून झाले होते. मेडिकल रेडशर्ट मिळेल असं संघातल्या एका मुलीची आई म्हणाली.
— एक आई, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ऐकून वाईट वाटलं. पण खोटी आशा देणार नाही. मेडिकल रेडशर्ट म्हणजे दुखापतीमुळे अर्धवट राहिलेला हंगाम परत मिळणं. त्यासाठी दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात व्हावी लागते, खेळलेले सामने तीन किंवा एकूण सामन्यांच्या ३० टक्के, यांतला जो आकडा मोठा असेल त्याच्या आत असावे लागतात, आणि उरलेला हंगाम दुखापतीने संपलेला असावा लागतो. तीस सामन्यांचा हंगाम धरला तर मर्यादा नऊ. तुमच्या मुलीचा हा हंगाम गेला असंच धरून चाला. व्हिलानोवाच्या डॉन्टे डिव्हिन्चेन्झोला पहिल्या वर्षी ही सवलत मिळाली, कारण पाय मोडला तेव्हा त्याचे मोजकेच सामने झाले होते. २०१८ च्या अंतिम सामन्यात त्याने बेंचवरून येऊन ३१ गुण केले.

तुमच्या हातात पुढचं वर्ष आहे. एसीएल शस्त्रक्रियेनंतर पूर्ण ताकदीने परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं, म्हणजे येत्या नोव्हेंबरात ती जेमतेम तयार असेल. कोच "थोडं थोडं खेळून बघू" म्हणतील. तिथे ठाम राहा. गुडघा तयार नसेल तर पहिल्या सामन्यापासून पूर्ण वर्ष थांबावं, कारण तिने एकही सामना खेळला नाही तर तो हंगाम शाबूत राहतो आणि मेडिकल अर्जाची गरजच पडत नाही. पेज बेकर्सचा एसीएल ऑगस्ट २०२२ मध्ये फाटला, ती पुढचा संपूर्ण हंगाम बाहेर बसली, आणि २०२५ मध्ये यूकॉनसाठी, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठासाठी, विजेतेपद जिंकून गेली. एमआरआय, शस्त्रक्रिया आणि फिजिओ यांचे तारखा असलेले कागद मात्र आत्तापासून एका जागी ठेवा. तिला पुढे सहावं वर्ष मागायची वेळ आली तर तेच लागतील.