वाचकांचे प्रश्न : पेंढ्यात अडकलेली साखर

प्रश्न : भातझोडणी संपली की आमच्या खळ्यावर पेंढ्याचे ढीग उरतात. उसाच्या मळीपासून इथेनॉल सर्रास होते, मग पेंढ्यापासून ते तितक्या सहजपणे का होत नाही? जनुकीय बदल केलेल्या यीस्टमुळे ते जमेल, असे वाचले. हे कितपत खरे आहे? — एक वाचक, शहापूर, जि. ठाणे

उत्तर : भाताचा घास बराच वेळ चावत राहिले की तो गोडसर लागतो, कारण लाळेतील अमायलेज हे एन्झाइम, म्हणजे विकर, भातातील स्टार्चचे तुकडे करून साखर मोकळी करू लागते. त्याच रोपाची वाळलेली काडी कितीही वेळ चघळली तरी गोडी येत नाही. वास्तविक तिचा साधारण तिसरा हिस्सा सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोजही स्टार्चप्रमाणेच ग्लुकोजचेच बनलेले असते. मात्र सेल्युलोजमध्ये ग्लुकोजचे रेणू निराळ्या रीतीने जोडलेले असतात, आणि त्याच्या धाग्यांभोवती लिग्निन या चिवट पदार्थाचा लेप असतो. मळीत साखर आयती मिळते, पेंढ्यातून ती सोडवून घ्यावी लागते, आणि खरा खर्च या सोडवणुकीवरच होतो.

त्यासाठी पेंढा बारीक करून, बहुधा सौम्य आम्ल आणि दाबाखालील वाफ वापरून, दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसला मऊ केला जातो, आणि मग सुमारे पन्नास अंशांवर त्यात सेल्युलोज तोडणारी सेल्युलेज एन्झाइमे मिसळतात. ही एन्झाइमे ज्या बुरशीपासून प्रामुख्याने मिळवली जातात, ती ट्रायकोडर्मा रीसाय दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या कुजणाऱ्या सुती कापडावर सापडली. पावसाळ्यात बुरशी धरलेली सतरंजी ज्यांनी उचलून पाहिली आहे, त्यांना तिच्या ताकदीची कल्पना येईल.

या साखरेचे इथेनॉल करणाऱ्या यीस्टचा प्रश्न यानंतर येतो. पेंढ्यातून ग्लुकोजबरोबर झायलोज नावाची दुसरी साखरही बरीच निघते आणि नेहमीचे यीस्ट तिला हात लावत नाही, म्हणजे साखरेचा मोठा वाटा वाया जातो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी हत्तीच्या लिदीतून मिळालेल्या एका बुरशीचे जनुक यीस्टमध्ये घालून ते यीस्ट झायलोज वापरू शकते, हे २००३ मध्ये दाखवले. जनुकीय बदलाचा खरा उपयोग इथे आहे, आणि तो फार मोलाचा आहे. तरीही वाफेच्या प्रक्रियेत तयार होणारे फर्फ्युरल आणि असेटिक आम्ल यीस्टला बाधतात, त्यामुळे ते सोसणारे वाण घडवण्याचे काम अजून चालू आहे.

आपल्याकडे हरियाणातील पानिपत येथे दिवसाला १०० किलोलिटर क्षमतेचा पेंढ्यावरील इथेनॉल प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण करण्यात आला. शहापूर-मुरबाडकडची शेते लहान आणि विखुरलेली असल्याने पेंढा गोळा करून नेण्याचाच खर्च भारी पडेल, असे मला वाटते. शिवाय गुरांच्या वैरणीचा हक्क पहिला आहे, आणि कारखान्याकडे जायचा तो त्यानंतर उरलेलाच पेंढा असावा.

प्रश्न : असे बदललेले यीस्ट कारखान्यातून ठाणे खाडीत गेले तर धोका नाही का? — एक वाचिका, ऐरोली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. किण्वन, म्हणजे यीस्टकडून साखरेचे अल्कोहोल होणे, बंद टाक्यांत होते आणि नंतर अल्कोहोल वेगळे काढताना, म्हणजे ऊर्ध्वपातनात, द्रव उकळला जात असल्याने त्यातील यीस्ट मरते. बदललेल्या सूक्ष्मजीवांच्या वापरासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे स्वतंत्र नियम आहेत. खाडीची काळजी वाहणाऱ्यांनी माझ्या मते अधिक लक्ष ठेवावे ते आसवनीतून (डिस्टिलरीतून) उरणाऱ्या सांडपाण्यावर. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना या काळपट सांडपाण्याचे प्रमाण दहा लिटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असते, आणि ते प्रक्रियेशिवाय पाण्यात सोडले तर त्यातील प्राणवायू झपाट्याने संपून मासळी मरते.

प्रश्न : वाशीच्या बाजार समितीतील सडक्या भाजीपासून इथेनॉल करता येईल का? — एक वाचक, तुर्भे

उत्तर : करता येईल, पण परवडणार नाही, कारण पालेभाजीत बहुतेक पाणीच असते आणि साखर फार थोडी. त्या कचऱ्याचा बायोगॅस करणे अधिक शहाणपणाचे आहे. तिथे शेणात आढळणारे नैसर्गिक जिवाणू पुरेसे असतात, जनुकीय बदलाची गरज पडत नाही. मुंबईच्या ट्रॉम्बेतील भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा ओल्या कचऱ्यासाठी ‘निसर्गऋण’ हे तंत्र विकसित केले आहे. मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सुतळ्या गाळ्यावरच वेगळ्या काढल्या गेल्या पाहिजेत.